टाचेखालचा तळहात

पेशंटला पाठीवर झोपवायचं. ज्या पायात ताकद नाही अशी तक्रार आहे, त्या पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि सांगायचं, टाच खाली दाबा. तळहातावर काहीच येत नाही. मग हात तिथेच ठेवून म्हणायचं, आता दुसरा, चांगला पाय सरळ वर उचला. तो उचलताना आपण वरून थोडा विरोध करायचा. माणूस चांगला पाय जोर लावून उचलायला लागला की शरीर आपोआप दुसरी टाच गादीत रोवतं. तुम्ही घरी पलंगावर करून बघा. ज्याला खरोखरचा लकवा मारला आहे त्याच्या टाचेत हा जोर येत नाही. काही पेशंटांच्या बाबतीत मात्र इतका वेळ मेल्यासारखा पडलेला पाय तुमचा तळहात दाबतो.

ही तपासणी मी धुळ्याला शिकलो, नोकरीच्या पहिल्या वर्षी. आमचे सर ती करून झाली की माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "सापडला." मीही पुढे वीस वर्षं तेच म्हणत आलो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगावला स्वतःचं क्लिनिक आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी धुळ्याला बसतो. लोक डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगणं मी कधीच सोडून दिलं. वयाची पन्नाशी आली आहे. या अंकासाठी लिहा म्हटल्यावर बरे झालेले पेशंट आठवायला हवे होते. ते आठवतातही. पण लिहायला बसलो की एकच आठवतो, आणि तो बरा होऊ नये याची व्यवस्था मीच केली होती.

आधी आजाराविषयी सांगतो. याला फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. पाय उचलत नाही, हात थरथरतो, फिट येते, बोलणं बंद होतं. मेंदूचा एमआरआय स्वच्छ, मणक्याचा स्वच्छ, नसांची तपासणी स्वच्छ. म्हणजे यंत्र कुठे तुटलेलं नाही, ते चालवण्यात घोटाळा झाला आहे. जिना उतरताना आपण कधी पायांकडे बघत नाही. एकदा बघायला लागा, आता उजवा, आता डावा असं मनात म्हणा, आणि चौथ्या पायरीवर धडपडा. त्याकडे लक्ष गेलं की एरवी जमणारी गोष्ट जमेनाशी होते. या पेशंटांचं तसं होतं, फक्त शंभर पटीने, आणि ते त्यांच्या हातात नसतं. लक्ष दुसरीकडे असलं की तोच अवयव काम करतो. कधी सुरुवात लहानशा दुखापतीने होते, कधी कशाने झाली ते कळतही नाही. योग्य उपचाराने पुष्कळ जण सुधारतात. काही जण नाही सुधारत. पण हे सोंग नव्हे, हे आता मी शपथेवर सांगू शकतो.

हे सगळं नीट समजावून सांगितलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे टेन्शन घेतो म्हणून ना?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. ते मान डोलावतात आणि पेशंटकडे वळून म्हणतात, "बघ, डॉक्टर म्हणले टेन्शन घेऊ नको." मी काय म्हणालो याचा आणि ते काय घेऊन घरी जातात याचा एकमेकांशी संबंध असावा, ही अपेक्षा मी हल्ली ठेवत नाही. डॉक्टर मंडळीही काही कमी नाहीत. चिठ्ठीवर 'फंक्शनल' एवढा एकच शब्द लिहून पेशंट माझ्याकडे पाठवतात आणि मागाहून फोन करून हसतात. जामनेरचे एक गृहस्थ तर एमआरआयच्या फिल्मांची जाड पिशवी टेबलावर ठेवून कळवळून म्हणाले होते, "साहेब, काहीतरी निघू द्या." काहीच निघालं नाही तर घरचे आपल्याला खोटं म्हणतील, ही त्यांची भीती होती. मी त्यांना म्हणालो, "अहो, नशीब समजा." ते काही समजले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही समजलो नसतो.

त्यात आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायची रीत. धुळ्याला एक अक्का होत्या, साठीच्या. उजवा हात थरथरायचा. बघायला येणाऱ्यांची रांग. जो येई तो बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवी आणि म्हणे, "अक्का, हात दखाड बरं, कसा हालस?" अक्का बिचाऱ्या दाखवायच्या. दिवसातून वीस वेळा थरथरण्याची तालीम. गप्पा रंगल्या की हात थांबायचा, ते त्यांच्या मुलाने पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, "बठ्ठं नाटक शे, डॉक्टर." मी चिडून दारावर कागद चिकटवला: हाताविषयी विचारू नये. दुसऱ्या दिवसापासून येणारा प्रत्येक जण कागद वाचून आत यायचा आणि विचारायचा, हाताविषयी का विचारू नये?

पण लोकांवर चिडायचा अधिकार मला कितपत आहे, तो प्रश्नच आहे. आता प्रल्हादचं सांगतो.

प्रल्हाद असोद्याचा. केळी कापून गाडी भरणाऱ्या टोळीत होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एक जण विळ्याने घड उतरवतो, बाकीचे खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून त्यावर घड घेतात आणि बागेतून बांधापर्यंत, उभ्या असलेल्या गाडीपर्यंत, एकामागे एक जवळजवळ पळत नेतात. वीस-पंचवीस किलोचा घड, पायाखाली पाटाच्या पाण्याचा चिखल. एक थांबला की मागचे सगळे थांबतात. त्यामुळे टोळीत माणूस कसा आहे हे एकाच गोष्टीवर ठरतं, तो ओळ थांबवतो की नाही.

सात वर्षांपूर्वी प्रल्हाद घडासकट बांधावरून घसरला. दोन दिवस कंबर दुखली, तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा पाय उचलेना. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून माझ्याकडे पाठवला. त्याला घेऊन टोळीचे मुकादम रामदासनाना आले होते, शिवाय टोळीतले दोघं. सगळे आत आले. आमच्याकडे तपासणी म्हणजे चारचौघांत करायची गोष्ट असते; बाहेर बसा म्हटलं तर लोकांना वाटतं डॉक्टर काहीतरी लपवतोय. मीही कधी कुणाला बाहेर घालवलं नव्हतं. प्रेक्षक असले तर मला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी टाचेखाली तळहात ठेवला. दाब म्हणालो. काही नाही. दुसरा पाय उचल म्हणालो. टाचेने तळहात चांगला दाबला.

आणि मग मी ती चूक केली. आमच्याकडे एक पद्धत आहे, माझीही तीच होती. आजार काय आहे ते पेशंटला सांगायचं नाही. ज्याने त्याला आणलं त्याला सांगायचं. बाईला तपासलं तर नवऱ्याला, म्हाताऱ्याला तपासलं तर मुलाला. पेशंट तिथेच पलंगावर पडलेला असतो आणि त्याच्या डोक्यावरून बोलणं चालू असतं. मी प्रल्हादकडे पाहिलंसुद्धा नाही. नानांना म्हणालो, "नाना, पाय ठणठणीत आहे. याच्या मनात आलं तर आत्ता उठून चालेल."

नाना हसले. म्हणाले, "चाल रे, ऊठ. डॉक्टरनं धरलं तुले." सोबतचे दोघंही हसले. आणि मीही हसलो. प्रल्हाद काहीतरी बोलायला लागला होता, ते कुणी ऐकलं नाही. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर काय झालं ते मला फार उशिरा कळलं. टोळीने त्याला घेतलं नाही. पाय ठणठणीत असून काम करत नाही म्हणजे कामचुकार. गावात 'नाटक्या' नाव पडलं. त्याची बायको सिंधूबाई केळीच्या बागांत निंदणीला जायची, तिला बायका विचारायच्या, घरी तरी चालतो का गं? तो काठी घेऊन पाय ओढत फिरायचा आणि पंक्चरच्या दुकानात बसून ट्यूब तपासायचा.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो. खरं तर दुसऱ्या विषयासाठी गेलो होतो. तिथे एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. तीच तपासणी, तोच टाचेखाली हात. पण बाई पेशंटशी बोलत होत्या. त्या तिला म्हणाल्या, हे बघा, तुमच्या पायात ताकद आहे, तुम्ही मुद्दाम दाबायला गेलात की ती पोचत नाही, लक्ष दुसरीकडे गेलं की पोचते. म्हणजे रस्ता शाबूत आहे आणि हा आजार बरा होण्यासारखा आहे. ती पेशंट रडायला लागली, आनंदाने. मी मागच्या रांगेत बसलो होतो. वीस वर्षं मी जो पुरावा चोर पकडायला वापरत होतो, तो त्या पेशंटला धीर द्यायला वापरत होत्या.

जळगावला आल्यावर मी माझी पद्धत बदलली. नातेवाईकांना बाहेर बसवायला लागलो, भांडणं झाली तरी. पेशंटशी बोलायला लागलो. बरेच पेशंट सुधारले, माझं नाव झालं. पण आपण ज्यांना 'सापडला' म्हटलं त्यांतल्या एकालाही मी शोधून काढलं नाही. असोदा माझ्या क्लिनिकपासून मोटारसायकलने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मी तीन वर्षं गेलो नाही. जाऊन काय सांगणार, एव्हाना तो बरा झाला असेल, पत्ता कुठे माहीत आहे, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. पेशंटांना सबबी सांगू नका म्हणून झापणारा मीच.

शेवटी गेल्या वर्षी तोच आला, सिंधूबाईंना घेऊन. पायासाठी नाही. काठीवर भार देऊन देऊन खांदा धरला होता. मी त्याला ओळखलं, आणि त्याने मला. मी विचारलं, इतके फिजिओ झालेत जळगावात, माझ्याकडेच कसा आलास? तो म्हणाला, "दुसरीकडे गेलो तर पुन्हा पयलेपासून सांगा लागते. तुमाले ठाऊक हाये."

मी खांदा बाजूला ठेवला आणि पाय तपासायला घेतला. या वेळी माझा हात न ठेवता सिंधूबाईंना म्हणालो, टाचेखाली तुमचा तळहात ठेवा. प्रल्हादने चांगला पाय उचलला. बाई दचकल्या. "जोर लागून ऱ्हायला," म्हणाल्या. प्रल्हादचं तोंड पडलं. "म्हणजे पुन्हा खोटाच निघालो ना मी."

मग मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि पुण्याला ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. तेव्हा मी चुकीचं बोललो, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. खांद्याला शेक द्याल का, एवढंच विचारलं.

उपचार सुरू केले. या आजारात पाय बळकट करायचा नसतो, पायावरचं लक्ष उडवायचं असतं. उलटं चालवलं, बाजूला चालवलं, गाणं म्हणत चालवलं. थोडं थोडं जमायचं. एक दिवस मला टोळी आठवली. क्लिनिकमागच्या अंगणात वाळूचं पोतं होतं. त्यातली अर्धी वाळू काढली, त्याच्या खांद्यावर गोणपाट टाकलं आणि पोतं चढवलं. म्हणालो, गाडी त्या फाटकापाशी उभी आहे असं समज.

तो फाटकापर्यंत सरळ गेला. पाय ओढला नाही, अडखळला नाही, घड वाहून नेणारी माणसं जातात तशा झपझप पावलांनी गेला. पलीकडून चहावाला बघत होता. त्याची नजर दिसली आणि प्रल्हादचा पाय तिथेच जमिनीला चिकटला. पोत्यासकट खाली बसला. पण मी खूश होतो. आता महिन्याभरात काम फत्ते, असं मी सिंधूबाईंना सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी चिडलो. इतकी मेहनत घ्यायची आणि ऐन वेळी यांनी दांडी मारायची. फोन केला तर सिंधूबाई म्हणाल्या, घरात चांगले चालतात, परसात चालतात, गल्लीत निघायचं झालं की काठी घेतात आणि पाय ओढतात. मी म्हणालो, त्याला घेऊन या. त्यांनी आणलं. मी जरा जोरातच बोललो. चालता येतंय तर चालत का नाहीस, लोक बघतात म्हणून पाय अडतो ते मला कळतं, पण काठी तू मुद्दाम घेतोस.

तो म्हणाला, "हो, मुद्दाम घेतो." मग म्हणाला, "साहेब, मी आता धड चाललो तर ते खरे ठरतात. सहा वर्षं नाटक केलं असंच ठरते ना? आज लंगडा हाये तं निदान लंगडा तरी हाये."

त्याचा हिशेब चोख होता. बरं होणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, अशी गाठ मी त्याच्या पायाला मारून ठेवली होती, आणि ती क्लिनिकमधल्या कोणत्याही व्यायामाने सुटणारी नव्हती. ज्यांच्यासमोर मारली त्यांच्यासमोरच सोडवावी लागणार होती. मी म्हणालो, टोळी कुठे आहे सध्या? मी येतो.

रविवारी सकाळी गेलो. असोद्याच्या शिवारात एका बागेत कापणी चालू होती. प्रल्हादही आला होता, काठीसह. टोळी बांधावर भाकरी खायला बसली होती, आठ-नऊ जण. रामदासनाना आता थकले आहेत, पण मुकादमी त्यांचीच. त्यांनी मला ओळखलं, बसायला केळीचं पान टाकलं, भाकरी पुढे केली. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर बोलू शकलो नसतो.

भाषण वाईट झालं. मी मेंदू, नसा, लक्ष असं बरंच काही बोललो आणि ते लोक चटणी पुसून घेत ऐकत राहिले. शेवटी म्हणालो, प्रल्हाद खोटं बोलत नव्हता. त्याला आजार होता, तो मला ओळखता आला नाही, आणि तुमच्यासमोर मी त्याला खोटं ठरवलं.

नाना म्हणाले, "मंग तवा तसं कामून सांगितलं?"

"मला तेवढंच येत होतं, नाना. आणि फार येतं असं वाटत होतं."

"आम्ही तं तुमच्या भरवशावर त्याले नाटक्या म्हणत आलो."

"हो."

टोळीतला एक जण, विळा पुसत बसलेला, म्हणाला, "मंग आता तुमचं काय नाव ठेवाचं, डॉक्टर?" सगळे हसले. प्रल्हादही हसला. मला ते हसू परतफेडीसारखं लागलं, आणि बरंही वाटलं.

पण नाना हसले नाहीत. ते उठले, खांद्यावरची गोणपाटाची घडी काढली आणि प्रल्हादपुढे धरली. "ये मंग. चाल. उचल एक घड."

सगळे प्रल्हादकडे बघायला लागले. मीही. त्याने हात पुढे केला नाही.

"आज नाही, नाना."

कुणीतरी मागून म्हणालं, झालं, आलं पुन्हा. मी बोलायला तोंड उघडलं, पण प्रल्हादच बोलला. "नाना, ब्यांकेत सायेब समोर टक लावून बसला का तुमची सही जुळते का? तीन-तीन वेळा करा लागते ना? तसं हाये हे. आज समदे पाहून ऱ्हायले."

सहीचा अनुभव नानांना असावा. त्यांनी घडी परत स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि बाकीच्यांना म्हणाले, "उठा रे, गाडी उन्हात हाये." टोळी उठून बागेत शिरली. प्रल्हादला कुणी काही म्हणालं नाही. मी अर्धा तास बोलून जे त्यांच्या डोक्यात घालू शकलो नाही, ते त्याने दोन वाक्यांत घातलं. पुण्याहून आल्यापासून मी या आजाराला उदाहरणं शोधतो आहे.

दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघायला जावंसं फार वाटत होतं. गेलो नाही. बघणारा एक तरी कमी असावा म्हणून. फोनही केला नाही.

गुरुवारी अकराला त्याची वेळ होती. पोतं भरून ठेवलं होतं. साडेअकरापर्यंत वाट पाहिली, मग पुन्हा चिडलो. इतकं सगळं करून हा माणूस पुन्हा घरी बसला, पुन्हा गल्लीत काठी, सगळं व्यर्थ, असं मनात म्हणत होतो. पावणेबाराला सिंधूबाईंचा फोन आला.

"डॉक्टर, ते आज येत नाहीत. गाडी भराले गेले. सोमवारपासून जाऊन ऱ्हायले. सांगायचं ऱ्हायलं."

मी त्यांना म्हणालो, यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवत जा, दुसरा पेशंट घेता येतो.